भाईंदरची खाडी व चाचणीचे कागद

१

समजा, एखाद्या जुन्या घराण्याच्या दप्तरांत शके १७७४ च्या कार्तिकांतील एक टिपण सांपडलें व त्यांत ‘आज आगगाडी मुंबईहून ठाण्यास गेली’ एवढाच मजकूर आहे. ज्याच्या हातीं तें पडलें त्यास हें ठाऊक असतें कीं, उतारूंची पहिली आगगाडी बोरीबंदराहून ठाण्यास ता. १६ एप्रिल १८५३ रोजीं, म्हणजे शके १७७५ च्या चैत्र शुद्ध पक्षांत निघाली. टिपण तर पांच महिने अगोदरचें! तेव्हां टिपणाची मिति चुकली असावी किंवा टिपणच बनावट असावें, असा निकाल तो देतो. असा निकाल देणारा संशोधक आळशी नव्हे. त्यानें जंत्री उघडली आहे, शकाचा व सनाचा मेळ घातला आहे. तरीही त्याचा निकाल चुकीचाच आहे. कारण ता. १८ नोव्हेंबर १८५२, गुरुवार रोजीं, कार्तिक शुद्ध पक्षांतच, चाचणीची आगगाडी मुंबईहून ठाण्यापर्यंत खरोखर गेली होती. टिपण खरें होतें; अपुरी होती ती आमची तारखांची यादी.

हें टिपण कल्पित आहे, परंतु त्यांतील धोका कल्पित नाहीं. आपल्याकडे कोणत्याही नव्या वस्तूच्या इतिहासांत समारंभाची तारीख तेवढी जपून ठेवण्याची रूढी आहे. पूल, आगगाडी, वेधशाळा, चित्रपट, कांहींही घ्या; ज्या दिवशीं पाहुणे जमले, तोफा झाल्या, वर्तमानपत्रांत वर्णन आलें, तो तिचा जन्मदिवस ठरतो. पण वस्तु चालते कीं नाहीं हा प्रश्न त्या दिवशीं कोणी विचारीत नसतो. तो त्यापूर्वींच विचारून झालेला असतो. तो ज्या कागदांवर विचारला गेला ते चाचणीचे कागद बहुधा रद्दींत जातात. या कागदांचें मोल काय, ते कसे वाचावे व ते नसल्यास इतिहासांत कोणत्या चुका शिरतात, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे. त्यासाठीं मुख्य आधार म्हणून भाईंदरची खाडी घेतली आहे. आगगाडीच्या चाचणीचा पहिला व अलीकडचा असे दोनही अध्याय या एका गांवाच्या शिवारांत पाहावयास मिळतात, हें त्याचें कारण.

२

परीक्षेचा विचार आपल्या भाषेस नवा नाहीं. ‘कसोटी’ हा शब्द संस्कृत ‘कषपट्टिका’ यापासून आला. ज्या काळ्या दगडावर सोनें घांसून त्याचा कस पाहतात तो हा दगड. ‘पारख’ म्हणजे परीक्षाच. सरकारी खजिन्यांत भरणा होणाऱ्या नाण्यांची पारख करणारा तो पोतदार. त्यानें खोटें किंवा हिणकस म्हणून ठरविलेल्या नाण्यावर बट्टा बसे. रुपया दगडावर वाजवून घ्यावा, मडकें टिचकी मारून घ्यावें, ही तर घरोघरची रीत होती. पुढें आगगाडी आल्यावर स्टेशनांत हातोडा घेऊन चाकांवर ठोके देत जाणारा माणूस दिसूं लागला. त्याची विद्या कुंभारवाड्यांतील गिऱ्हाइकाच्या विद्येहून वेगळी नव्हती: चाक निर्दोष असेल तर तें स्वच्छ निनादतें, चिरलेलें असेल तर बद्द वाजतें.

परंतु दगडावर वाजविलेल्या रुपयाचा आवाज ऐकणाऱ्याच्या कानांतच राहतो. एकोणिसाव्या शतकांत जी नवी गोष्ट आली ती परीक्षा नव्हे, तर परीक्षेची लेखी नोंद. कोणी, केव्हां, कोणत्या मापानें, किती भार घालून, कोणत्या हवेंत तपासलें व काय आढळलें, हें लिहून ठेवण्याचा प्रघात पडला. म्हणून कोणत्याही मोठ्या कामाचे चार प्रकारचे कागद संभवतात: आरंभाचे, चाचणीचे, परवानगीचे व समारंभाचे. या चारांच्या तारखा निरनिराळ्या असतात. त्यांपैकीं एकीला दुसरीच्या जागीं बसविलें कीं खरा कागद खोटा ठरतो, नाहीं तर खोट्यास खऱ्याचा मान मिळतो.

३

प्रथम ठाण्याच्या रस्त्याचाच दाखला पुरा करूं. ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीच्या या रस्त्याचें काम मुख्य इंजिनिअर जेम्स बर्कले यांच्या देखरेखीखालीं फेव्हिएल व फाउलर या कंत्राटदारांनीं चालविलें होतें. इ. स. १८५२ च्या आरंभीं भायखळ्याच्या बाजूस एक इंजिन कामाच्या मालाची ने-आण करूं लागलें. गव्हर्नर लॉर्ड फॉकलंड यांचें नांव त्यास दिलेलें होतें. त्याच वर्षीं १८ नोव्हेंबरास संपूर्ण रस्त्यावर चाचणी झाली. नंतर १६ एप्रिल १८५३, शनिवारीं, १४ डबे व सुमारें ४०० निमंत्रित घेऊन, ‘साहिब’, ‘सिंध’ व ‘सुलतान’ या तीन इंजिनांनीं ओढलेली समारंभाची गाडी ठाण्यास गेली.

आतां ‘मुंबईंत पहिली आगगाडी केव्हां चालली?’ या प्रश्नास तीन उत्तरें झालीं व तिन्ही खरीं आहेत. इंजिन प्रथम केव्हां हललें असें विचारलें तर १८५२ चा आरंभ. रस्ता प्रथम केव्हां पुरा तपासला गेला असें विचारलें तर नोव्हेंबर १८५२. आणि उतारूंची गाडी केव्हां निघाली असें विचारलें तर एप्रिल १८५३. प्रश्न नेमका न विचारतां उत्तरांविषयीं भांडणें हा आपल्या क्षेत्रांतील जुना रोग आहे.

चाचणीची ऋतुही लक्षांत घेण्यासारखी आहे. नोव्हेंबरांत गाडी नेली, म्हणजे पावसाळा नुकताच सरला होता. मातीचा नवा भराव पावसाळ्यांत खचतो, बाजूनें वाहून जातो, रुळाखालची खडी बसते. त्यानंतर रूळ समपातळींत राहिले आहेत किंवा नाहींत, हें कोरड्या डोळ्यांनीं पाहून कळत नाहीं. वजनदार इंजिन नेल्यावर कळतें. समारंभाच्या वर्णनांत पाहुण्यांची संख्या सांपडते, पण भराव कोठें बसला हें सांपडावयाचें नाहीं. तें सांपडलेंच तर चाचणीच्या कागदांत.

४

आतां भाईंदर. साष्टी बेटाच्या वायव्य टोंकास, उत्तन, राई-मुर्धें, मिरें, घोडबंदर या गांवांच्या परिसरांत मिठागरांनीं वेढलेलें हें ठिकाण. याच्या उत्तरेस वसईची खाडी आहे. या खाडीनें साष्टी व वसई यांस शतकानुशतकें वेगळें ठेवलें. चिमाजी आप्पांच्या १७३७ ते १७३९ च्या मोहिमेंत खाडीचे दोनही कांठ किती महत्त्वाचे ठरले हें वाचकांस विदितच आहे. हीच खाडी एकोणिसाव्या शतकांत बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया कंपनीच्या वाटेंत आडवी आली.

या कंपनीचा रस्ता उत्तरेकडून दक्षिणेकडे वाढत आला. सुरतेजवळील अमरोली ते अंकलेश्वर हा पहिला तुकडा ता. १० फेब्रुवारी १८६० रोजीं चालू झाला व मुंबईंतील ग्रँट रोडपर्यंतचा रस्ता ता. २८ नोव्हेंबर १८६४, सोमवारीं खुला झाला. या दुसऱ्या तारखेच्या पोटांत भाईंदरचे पूल दडलेले आहेत. भाईंदर व नायगांव यांच्यामध्यें खाडीचे दोन फांटे असून त्यांच्या मधोमध पाणजू बेट आहे. म्हणून पूलही दोन बांधावे लागले. ते पुरे होऊन तपासले गेल्यावांचून २८ नोव्हेंबर उजाडलाच नसता. तरीही इतिहासांत नोंद राहिली ती ग्रँट रोडची. खाडीच्या चिखलांत जें वर्षानुवर्षें चाललें होतें तें त्या एका दिवसाच्या आड गेलें.

या कंपनीचे सल्लागार इंजिनिअर कर्नल जे. पी. केनेडी यांनीं सर्व रस्त्यासाठीं पुलाचा एकच नमुना योजिला होता. साठ फुटांचा गाळा, त्यावर त्रिकोणी जाळीची लोखंडी तुळई, आणि तिच्याखालीं ओतीव लोखंडाचे पोकळ खांब. या खांबांच्या तळाशीं मोठे मळसूत्र असे व खांब फिरवून तें खालच्या मातींत उतरविलें जाई. पूल लहान असो कीं मोठा, गाळा तोच. फक्त गाळ्यांची संख्या बदलावयाची. विलायतेंत तयार झालेला कोणताही भाग कोणत्याही पुलास बसावा, हा त्यांतील हेतु. परीक्षेच्या दृष्टीनें याचा अर्थ मोठा आहे. एक तुळई कारखान्यांत भार घालून तपासली कीं तिच्या सर्व बहिणींविषयीं अंदाज बांधतां येतो. पण ती ज्या जमिनीवर उभी राहणार ती जमीन मात्र प्रत्येक ठिकाणीं नव्यानें तपासावी लागते. खांबावर भार ठेवून तो किती खचतो व कोठें थांबतो हें पाहणें, हीच मळसूत्री खांबाची खरी कसोटी.

पुरा झालेला पूल कसा तपासतात हें थोडक्यांत सांगणें अवश्य आहे; कारण असा कागद हातीं आल्यास त्यांतील आंकड्यांचा अर्थ लागला पाहिजे. प्रथम रिकाम्या पुलावर प्रत्येक गाळ्याच्या मध्याची पातळी मोजून ठेवतात. मग जड इंजिनें त्या गाळ्यावर उभीं करून तुळई मध्यें किती लवली हें मोजतात. नंतर इंजिनें काढून घेऊन तिसऱ्यांदा मोजतात. पहिलें व तिसरें माप सारखें आलें तर लोखंडानें भार सोसून पुन्हा पूर्वरूप धारण केलें. तिसरें माप खालीं राहिलें तर लोखंडास कायमचा बांक आला किंवा सांधा सरकला. यानंतर तेंच इंजिन प्रथम हळू व मग वेगानें नेऊन लवण्यांत किती फरक पडतो हें पाहतात. अशा कागदांत महत्त्वाचा रकाना दुसरा नसून तिसरा आहे. तुळई लवली हा दोष नव्हे. लवून परत आली नाहीं हा दोष.

परंतु चाचणीसही मर्यादा आहे, व ती मर्यादा केनेडींच्याच दुसऱ्या एका पुलानें दाखवून दिली. भडोचजवळ नर्मदेवर याच धर्तीचा पूल बांधला होता. नर्मदेच्या पुरांनीं त्याची एकाहून अधिक वेळां मोडतोड केली. शेवटीं १८७७ त नव्या पुलाचें काम सुरू होऊन तो १८८१ त खुला झाला. वरून येणारा इंजिनाचा भार चाचणीस कळला होता. बाजूनें येणारा पुराचा लोंढा व त्याबरोबर वाहत येणारीं झाडें तिला विचारलींच गेलीं नव्हतीं. भाईंदरच्या खाडींत भरती-ओहोटी आहे, नर्मदेसारखा महापूर नाहीं. तिथें लोखंडाचा शत्रु खारें पाणी व दमट वारा. एकच नमुना दोन पाण्यांत दोन तऱ्हेनें पारखला गेला. यावरून संशोधकानें घ्यावयाचा धडा असा कीं, चाचणीचा कागद विचारलेल्या प्रश्नाचेंच उत्तर देतो. ‘पूल उत्तम’ हा शेरा वाचून थांबूं नये. कशासाठीं उत्तम, हें पाहावें.

आज भाईंदर व नायगांव यांमधून ज्या पुलांवरून गाड्या जातात ते मागाहून बांधलेले आहेत. मूळ पुलांचें लोखंड गेलें तरी त्यांची परीक्षा कशी झाली हें सांगणारे कागद राहिले, तर पूल निम्मा तरी राहिला असें म्हणतां येईल.

५

पूल व गाडी यांची चाचणी डोळ्यांस दिसते. जीं उपकरणें स्वतःच दुसऱ्या वस्तु मोजण्यासाठीं असतात, त्यांची परीक्षा अधिक बिकट. कारण मापच खोटें निघालें तर त्यानें मोजलेलें सर्व खोटें ठरतें. याचा उत्तम दाखला कुलाब्याच्या वेधशाळेचा आहे.

ही वेधशाळा १८२६ त स्थापन झाली व १८४१ पासून तेथें पृथ्वीच्या चुंबकत्वाचे नियमित वेध घेतले जाऊं लागले. विसाव्या शतकाच्या आरंभीं मुंबईंत विजेच्या ट्रामगाड्या आणण्याचें घाटूं लागलें, तेव्हां नवाच पेंच उभा राहिला. विजेच्या प्रवाहाभोंवतीं चुंबकत्व उत्पन्न होतें; शेजारून ट्राम गेली कीं वेधशाळेची सुई हलावयाची, आणि ती पृथ्वीमुळें हलली कीं ट्राममुळें, हें कळावयाचें नाहीं. वेधशाळेचे प्रमुख नानाभाई फ्रामजी मूस यांच्या काळीं यावर उपाय योजिला गेला. मुंबईच्या दक्षिणेस समुद्रापलीकडे अलिबाग येथें नवी वेधशाळा बांधण्यांत आली. तिला लागणारा दगडही चुंबकत्वाचा दोष नसलेला असा पोरबंदराहून आणविला. ट्रामगाड्या ता. ७ मे १९०७ रोजीं धावूं लागल्या. वेधशाळेचें स्थलांतर त्यापूर्वींच पुरें झालें होतें.

येथें लक्षांत ठेवण्याची गोष्ट स्थलांतर ही नव्हे. १९०४ ते १९०६ अशीं दोन वर्षें कुलाबा व अलिबाग या दोनही ठिकाणीं एकाच वेळीं वेध घेतले गेले. जुन्या जागेचा आंकडा नव्या जागेच्या आंकड्याशीं कसा जोडावयाचा, हें त्या तुलनेनें ठरलें व १८४१ पासूनची मालिका न तुटतां पुढें चालू राहिली. दोन हस्तलिखितांचे पाठ ताडून पाहणाऱ्या संपादकास ही रीत परकी वाटूं नये. एक पोथी बंद करून दुसरी उघडण्यापूर्वीं दोन्ही समोरासमोर ठेवून कांहीं पानें तरी वाचावीं लागतात.

या दक्षतेचें फळ किती दूरवर जातें पाहा. १८५९ च्या सप्टेंबराच्या आरंभीं सूर्यावरील उत्पातामुळें पृथ्वीवर अतिशय मोठें चुंबकीय वादळ झालें. कुलाब्याच्या निरीक्षकांनीं त्या वेळचे आंकडे डोळ्यांनीं वाचून हातानें टिपून ठेवले होते. १४४ वर्षांनीं, २००३ त, शास्त्रज्ञांनीं त्याच नोंदींवरून कुलाब्यास चुंबकीय बल सुमारें १६०० नॅनोटेस्लानें घटल्याचें दाखविलें व त्यावरून त्या वादळाची तीव्रता ठरविण्याचा प्रयत्न केला. नोंद जुनी म्हणून ती उपयोगी पडली असें नाहीं. ज्या यंत्रानें ती घेतली तें यंत्र काय मोजतें व किती अचूक मोजतें, याचीही नोंद शेजारीं होती, म्हणून ती उपयोगी पडली. आंकड्यांच्या वह्या राखून यंत्रांच्या तपासणीच्या वह्या टाकून दिल्या असत्या, तर उरली असती ती नुसती शाई.

६

कॅमेऱ्याच्या भिंगाचा विषय आपल्या वाचकांच्या अधिक जवळचा आहे. कारण मोडी कागदांचीं प्रकाशचित्रें घेण्याचें काम आपल्यापैकीं अनेकांस करावें लागतें. पण प्रथम एक प्रसिद्ध चाचणी सांगतों.

धुंडिराज गोविंद फाळके १९१२ त लंडनला जाऊन विल्यमसन कंपनीचा चलच्चित्रांचा कॅमेरा घेऊन आले. आल्याबरोबर त्यांनीं राजा हरिश्चंद्राची कथा हातीं घेतली नाहीं. दादर येथें राहात असतां त्यांनीं कुंडींतील वाटाण्याच्या अंकुराची वाढ टिपली: कॅमेरा एके जागीं रोंवून, मध्यें बराच काळ जाऊं देऊन, एकेक चित्र घेत. नंतर तीं चित्रें सलग दाखविलीं तेव्हां वाटाणा पाहतां पाहतां उगवून वेल झाला. हा लहानसा चित्रपट पाहून भांडवल देणाऱ्यांची खात्री पटली, म्हणून तो सांगितला जातो. परंतु चाचणी या दृष्टीनेंही तो तितकाच मार्मिक आहे. एकेक चित्र दीर्घ अंतरानें घेतलें असतां यंत्राचा प्रत्येक दोष उघडा पडतो. फितीचीं भोंकें सारख्या अंतरावर नसतील तर चित्र उडेल. पडदा कमीअधिक वेळ उघडा राहिला तर चित्र लुकलुकेल. भिंग किंचित् सरकलें तर अंकुराच्या कडा पुसट होतील. फितीस भोंकेंही अंधाऱ्या खोलींत घरींच पाडावीं लागत व त्यांत सरस्वतीबाई फाळके यांचा हात होता, हें लक्षांत घेतां ती परीक्षा यंत्राइतकीच कारागिरांचीही होती. नट, पोशाख व पैसा पणास लावण्यापूर्वीं त्यांनीं कुंडींतील एका बीजावर सर्व यंत्र कसाला लावलें.

याच चित्रपटाच्या इतिहासांत पुन्हा दोन तारखांचा घोळ आहे. ‘राजा हरिश्चंद्र’ निमंत्रितांस ता. २१ एप्रिल १९१३, सोमवारीं ऑलिंपिया नाट्यगृहांत दाखविला गेला. तिकीट काढून येणाऱ्या प्रेक्षकांस तो ता. ३ मे १९१३, शनिवारीं कॉरोनेशनमध्यें दिसला. एका तारखेचा पुरावा दुसरीच्या विरुद्ध उभा करणें व्यर्थ आहे.

आतां संग्राहकांसाठीं दोन शब्द. भिंगाची सर्वांत सोपी परीक्षा अशी: समान चौकटी आंखलेला कागद भिंतीवर सपाट लावून त्याचें चित्र घ्यावें. मध्यभागीं रेषा रेखीव व कोपऱ्यांत पुसट असतील तर भिंगाचा मधलाच भाग भरंवशाचा समजावा. सरळ रेषा कडेस बाहेर फुगलेल्या किंवा आंत ओढलेल्या दिसल्या तर त्या भिंगानें घेतलेल्या चित्रावरून अक्षरांचें किंवा शिक्क्याचें माप घेऊं नये. पत्राचें चित्र घेतांना त्याच्या शेजारीं मोजपट्टी ठेवावी, व चौकटींच्या कागदाचें चित्र त्याच संचांत जपून ठेवावें. शिक्क्याचा व्यास एका चित्रांत मोठा व दुसऱ्यांत लहान दिसतो म्हणून शिक्का बनावट ठरविण्यापूर्वीं, दोष शिक्क्याचा कीं भिंगाचा, हें त्या एका कागदावरून कळेल.

७

येथवर चाचणी कशी करावी हें पाहिलें; ती कोणी करावी हा प्रश्न त्याहून गंभीर आहे. आरंभीच्या काळांत खासगी कंपन्यांच्या रस्त्यांवर सरकारचे सल्लागार इंजिनिअर देखरेख ठेवीत. पुढें १८९० च्या रेल्वे कायद्यानें असें ठरलें कीं, सरकारी निरीक्षकानें तपासून अहवाल दिल्यावांचून व मंजुरी मिळाल्यावांचून नवा रस्ता उतारूंस खुला करूं नये. परंतु हे निरीक्षक रेल्वे बोर्डाच्याच हाताखालीं होते. ज्यानें रस्ता चालवावयाचा त्याच्याच हाताखालच्या माणसानें रस्त्याचे दोष दाखवावयाचे, ही अडचण पुष्कळ दिवस चालली.

ता. १७ जुलै १९३७ रोजीं बिहारांत बिहटा स्टेशनाजवळ एक्सप्रेस गाडी रुळावरून घसरून शंभराहून अधिक माणसें दगावलीं. गाडीस ‘एक्सबी’ जातीचें इंजिन होतें. या जातीचीं इंजिनें वेगांत असतां दोहों बाजूंस हेलकावे खातात व रूळ वांकवितात, ही तक्रार अपघातापूर्वींचीच होती. त्यानंतर चौकशी झाली, इंजिनांविषयीं स्वतंत्र समिति नेमली गेली, आणि १९४१ त निरीक्षकांस रेल्वे बोर्डाच्या सत्तेखालून काढून निराळ्या खात्याकडे सोंपविण्यांत आलें. आजचे रेल्वे सुरक्षा आयुक्त हे त्याच निरीक्षकांचे वारस होत. परीक्षक हा परीक्ष्य वस्तूच्या मालकाचा ताबेदार नसावा, हें साधें तत्त्व एवढ्या जिवांच्या मोलानें पदरीं पडलें.

आपल्या क्षेत्रांत या तत्त्वाची गरज कमी नाहीं. कागद विकणारा दलालच जेथें त्याच्या अस्सलपणाचा दाखला देतो, किंवा घराण्याचा अभिमानी वंशजच आपल्या सनदेचा परीक्षक होतो, तेथें निकाल आधींच ठरलेला असतो. अशा हेलकाव्यांनीं माणूस मरत नाहीं, पण इतिहास रुळावरून घसरतो.

८

भाईंदरकडे परत येऊं. ता. १२ एप्रिल १८६७ रोजीं विरार ते बॅकबे अशी स्थानिक गाडी सुरू झाली व भाईंदरची खाडी मुंबईच्या रोजच्या येण्याजाण्यांत सामील झाली. ता. ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं मुंबईंत विजेची पहिली आगगाडी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी धांवली. पश्चिमेच्या रस्त्यावर बोरिवलीपर्यंत वीज १९२८ त व विरारपर्यंत १९३६ त आली. म्हणजे वाफेसाठीं तपासलेली ही वाट विजेसाठीं पुन्हा तपासावी लागली.

२००२ त मीरा-भाईंदर महानगरपालिका झाली. जेथें मिठागरें व शेतें होतीं तेथें दाट वस्ती आली. ता. १४ मे २०२५, बुधवारीं, याच शहरांत मेट्रो रेल्वेच्या नवव्या मार्गावर दहिसर पूर्व ते काशीगांव अशी चाचणीची गाडी धांवली. १८५२ च्या नोव्हेंबरांत ठाण्याच्या वाटेवर जें घडलें त्याचाच हा नवा अध्याय. अशा गाडींत उतारूंच्या वजनाइतकीं वाळूचीं पोतीं भरून ती वेगवेगळ्या वेगानें नेतात, रोधक लावल्यावर किती अंतरांत थांबते हें मोजतात, डब्यांचे हेलकावे यंत्रानें टिपतात. आणि मेट्रो सुरक्षा आयुक्तांच्या तपासणीवांचून ती लोकांस खुली होत नाहीं. आणखी शंभर वर्षांनीं कोणी ‘मिऱ्यास मेट्रो केव्हां आली?’ असें विचारील तेव्हां त्याच्यापुढें हाच तारखांचा घोळ उभा राहील. तो राहूं नये हें आपल्या हातीं आहे.

म्हणून संग्राहकांस आमची विनंति अशी. साष्टी व वसई या भागांतील जुन्या घरांत, रेल्वेंत चाकरी केलेल्यांच्या, कंत्राटदारांच्या, सुतार-लोहारांच्या व मिठागरवाल्यांच्या वंशजांकडे आंकड्यांचे रुक्ष कागद असतील: भाराचे तक्ते, पातळीच्या वह्या, खांबांच्या खोलीच्या नोंदी, यंत्राच्या दुरुस्तीच्या पावत्या. त्यांवर मोहोर नसेल, वेलबुट्टी नसेल, थोरामोठ्यांचें नांवही नसेल. ते हातीं आल्यास चार गोष्टी पाहाव्या: वार व तारीख यांचा मेळ जंत्रीवरून बसतो कीं नाहीं, भार व माप यांचें परिमाण लिहिलें आहे कीं नाहीं, तपासणारा कोण व तो कोणाचा चाकर, आणि एखादा तरी दोष नोंदलेला आहे कीं नाहीं. ज्या चाचणीच्या कागदांत सर्वच उत्तम लिहिलें आहे त्याजकडे संशयानें पाहावें. ज्यांत ‘पुन्हा तपासावें’ असा शेरा आहे तो बहुधा अस्सल असतो. समारंभासाठीं लिहिणारा माणूस असा शेरा लिहीत नाहीं.

पोतदारानें दगडावर आपटलेल्या रुपयाचा नाद हवेंत विरला. त्याची नोंद कोणीं ठेवली नाहीं, म्हणून आज त्या पारखीविषयीं आपणांस तर्कच करावा लागतो. भाईंदरच्या खाडीवरील इंजिनांखालीं तुळई किती लवली व किती परत आली, हें मात्र कोणीतरी लिहून ठेवलें असलें पाहिजे. तो कागद रद्दीवाल्याच्या तराजूंत पडण्यापूर्वीं आपल्या दप्तरांत यावा, एवढीच इच्छा.